पोटातले अवयव छातीत जातात तेव्हा

हर्निया हा शब्द आता आपल्या घरांत रुळला आहे. जांघेत गाठ येते, खोकल्यावर फुगते, आडवे झाल्यावर आत जाते. घरातले वडीलधारे माणूस ‘अंतर्गळ दिसतोय, दाखवून ये’ असे सांगते. बेंबीचा हर्निया किंवा सिझेरियनच्या जुन्या टाक्यांतून आलेला हर्नियाही लोक ओळखतात. तो डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. पोटाची एक बाजू मात्र अशी आहे, की जी बाहेरून दिसत नाही आणि हाताला लागत नाही. ती म्हणजे पोटाचे छत. हेच छत छातीची जमीन असते. त्याला भोक पडले किंवा ते सैल होऊन वर सरकले, तर पोटातले अवयव बाहेर येत नाहीत. ते छातीत चढतात.

असा रुग्ण पुष्कळदा पोटाची नव्हे, छातीची तक्रार घेऊन येतो. जिना चढताना दम लागतो, जेवल्यावर छाती गच्च होते, आडवे झाले की छातीत गुडगुड ऐकू येते. एक्स-रे काढला जातो आणि अहवालात एक छोटी ओळ येते : ‘श्वासपटलाचा डावा घुमट वर उचललेला.’ ही ओळ वाचून काही घरे हादरतात, तर बरीच घरे अहवाल फाइलला लावून मोकळी होतात. दोन्ही टाळायला हवे. या ओळीमागे आयुष्यभर त्रास न देणारी गोष्ट असू शकते आणि आतडे अडकून सडण्याच्या बेतात असलेली गोष्टही असू शकते. कोणती ते शोधल्याशिवाय कळत नाही. आजचा लेख त्या शोधाविषयी आहे.

छताचे काम

श्वासपटल, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातला डायफ्रॅम, हा स्नायूचा पातळ पडदा आहे. तो कडेने बरगड्यांना, छातीच्या मधल्या हाडाला आणि मागे पाठीच्या कण्याला जोडलेला असतो. मध्यभागी स्नायूऐवजी घट्ट तंतूंचा पांढरा पत्रा असतो. आकार दोन घुमटांचा. उजवा घुमट यकृतावर, डावा जठर आणि प्लीहेवर. बहुतेक माणसांत उजवा घुमट डाव्यापेक्षा थोडा वर असतो. म्हणूनच डावा घुमट उजव्याच्या वर गेलेला दिसला, की एक्स-रे वाचणाऱ्याची नजर तिथे थांबते.

श्वास घेताना हा स्नायू आकसतो, घुमट खाली येऊन चपटा होतो, छातीतली जागा वाढते आणि हवा आत येते. श्वास सोडताना तो सैल होऊन पुन्हा वर जातो. स्वस्थ बसलेले असताना ही हालचाल जेमतेम दीड सेंटिमीटरची असते. खोल श्वासात ती सहा ते दहा सेंटिमीटरपर्यंत जाते. मिनिटाला पंधरा श्वास धरले, तर दिवसाला २१,६०० वेळा हा पडदा वर-खाली होतो. झोपेतही त्याला सुटी नसते.

या पडद्याला तीन मोठ्या वाटा मुळातच ठेवलेल्या असतात : एक शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेसाठी, एक अन्ननलिकेसाठी आणि एक महाधमनीसाठी. पडद्याला हलवणारी नस मात्र फार लांबून येते. तिचे नाव फ्रेनिक. ती मानेच्या तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या नसमुळांपासून निघते, छातीत उतरते, हृदयाच्या बाजूने जाते आणि मग श्वासपटलात शिरते. गर्भात या पडद्याचा पाया मानेच्या पातळीवर घातला जातो. वाढीबरोबर तो खाली सरकतो आणि आपली नस सोबत घेऊन येतो. श्वासपटलाखाली पू झाला तर खांद्याचे टोक दुखते, याचे कारण हेच. आणि मानेत किंवा छातीत कुठेही ही नस दुखावली, तर पोटाचे छत निकामी होऊ शकते.

फाटणे वेगळे, झोळ पडणे वेगळे

मांडवावरची ताडपत्री डोळ्यांसमोर आणा. ती दोन प्रकारे बिघडते. एक तर ती फाटते आणि फटीतून पाणी आत येते. नाही तर ती धड असते, पण तिचा ताण जातो आणि तिला झोळ पडतो. श्वासपटलाचे तसेच आहे. पडद्याला भोक असेल आणि त्यातून जठर, आतडी, प्लीहा वर सरकली असतील, तर तो हर्निया. पडदा एकसंध असेल, पण त्याचा स्नायू पातळ किंवा निर्जीव होऊन तो कायमचा वर उचलला गेला असेल, तर त्याला वैद्यकात इव्हेंट्रेशन म्हणतात. अठराव्या शतकात फ्रेंच शल्यचिकित्सक ज्याँ लुई पेती याने शवविच्छेदनात पाहिलेल्या अशा पडद्याचे वर्णन केले होते.

एक्स-रेवर दोन्ही गोष्टी जवळजवळ सारख्या दिसू शकतात : फुप्फुसाच्या जागी जठराची किंवा आतड्याची हवा. पण त्यांचा धोका सारखा नसतो. भोकाला कड असते, आणि त्या कडेत आतडे आवळले जाऊ शकते. रक्तपुरवठा तुटला, की काही तासांत आतडे काळे पडू लागते. झोळाला अशी कड नसते; त्यामुळे आवळले जाण्याचा धोका तिथे जवळपास नाही. त्याचा प्रश्न फुप्फुसाला जागा न मिळण्याचा असतो. म्हणून मोठ्या माणसात हर्निया सापडला तर साधारणपणे शस्त्रक्रियेचा विचार होतो, मग त्रास थोडा असला तरी. झोळ सापडला आणि त्रास नसला, तर बहुतेक वेळा नुसते लक्ष ठेवले जाते.

बाळाच्या छातीत आतडी

गर्भाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात श्वासपटलाचे तुकडे एकमेकांना मिळून छाती आणि पोट वेगळे होते. एखादा तुकडा मिळाला नाही, तर मागच्या बाजूला दार उघडे राहते. प्रागमधील शरीररचनाशास्त्रज्ञ बोखडालेक यांनी १८४८ मध्ये या जागेच्या हर्नियाचे वर्णन केले. आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. सुमारे अडीच ते तीन हजार जन्मांमागे एका बाळाला श्वासपटलाचा जन्मजात हर्निया असतो. वर्षाला दहा हजार बाळंतपणे होणाऱ्या मोठ्या रुग्णालयात अशी तीन-चार बाळे जन्माला येतात. पाचांतल्या चौघांत भोक डाव्या बाजूला असते.

इथे खरे संकट भोकाचे नसते. आतडी गर्भातच छातीत गेल्याने फुप्फुसांना वाढायला जागाच मिळत नाही. त्या बाजूचे फुप्फुस लहान राहते, दुसऱ्या बाजूचेही पुरते वाढत नाही आणि फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेला असतो. बाळ जन्मल्यावर काही मिनिटांत धापा टाकू लागते, निळे पडते. पोट मात्र खपाटीला गेलेले असते, कारण पोटातला ऐवज वर गेलेला असतो. हृदयाचे ठोके उजवीकडे ऐकू येतात.

अशा वेळी प्रसूतिकक्षातली एक साधी गोष्ट फार महत्त्वाची ठरते. दम लागलेल्या बाळाला एरवी तोंडावर मास्क ठेवून पिशवीने हवा देतात. या बाळाला तशी हवा दिली, तर ती जठरात आणि आतड्यांत शिरते, ती छातीत फुगतात आणि उरलेसुरले फुप्फुसही दाबले जाते. म्हणून इथे थेट श्वासनलिकेत नळी घालून हवा द्यावी लागते आणि जठरात दुसरी नळी घालून तिथली हवा काढून घ्यावी लागते. निदान आधीच माहीत असेल, तर हे सगळे तयार ठेवता येते. गर्भाची विसाव्या आठवड्याच्या आसपासची सविस्तर सोनोग्राफी चुकवू नका, असे आम्ही सांगतो त्याचे हे एक ठोस कारण. सगळेच हर्निया तिथे दिसतात असे नाही. पण दिसला, तर नवजात अतिदक्षता विभाग आणि बालशल्यचिकित्सक असलेल्या ठिकाणी बाळंतपण ठरवता येते. आईच्या पोटात असताना बाळाला हलवणे हा जन्मानंतर रुग्णवाहिकेतून हलवण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित प्रवास आहे.

उपचारांची दिशाही बदलली आहे. अमेरिकेतले रॉबर्ट ग्रॉस यांनी १९४६ मध्ये एका दिवसापेक्षाही लहान बाळावर ही शस्त्रक्रिया यशस्वी केल्याचे नोंदवले. त्यानंतर बरीच वर्षे, बाळ जन्मले की धावपळ करून भोक शिवायचे, अशी रीत होती. भोक शिवले तरी लहान राहिलेले फुप्फुस लगेच मोठे होत नाही, हे हळूहळू ध्यानात आले. आता आधी बाळाचा श्वास आणि रक्ताभिसरण स्थिर करतात, व्हेंटिलेटरचा दाब बेताचा ठेवतात आणि मग शस्त्रक्रिया करतात. त्यामुळे ‘बाळाला ऑपरेशनला अजून का घेत नाहीत?’ असा नातेवाइकांचा प्रश्न आला, तर थांबणे हाही उपचाराचाच भाग आहे, हे त्यांना समजावून सांगावे लागते.

फुप्फुसे फारच लहान असतील, तर गर्भाच्या श्वासनलिकेत दुर्बिणीतून छोटा फुगा बसवून फुप्फुस वाढवण्याचा प्रयत्न काही देशांतल्या मोजक्या केंद्रांत होतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, अतिगंभीर गटात फुगा बसवलेल्या बाळांपैकी ४० टक्के घरी जाऊ शकली. न बसवलेल्यांपैकी १५ टक्के. अशी गर्भावस्थेतच अवधीपूर्व प्रसूतीचा धोकाही वाढतो, म्हणून तो सर्रास करण्याचा उपचार नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला अशी मुले आहेत, ज्यांचे भोक लहान असते आणि फुप्फुसे पुरेशी वाढलेली असतात. त्यांचे निदान काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनी होते. वारंवार ‘न्यूमोनिया’ होणे, वजन न वाढणे, दूध प्यायल्यावर दम लागणे, एवढ्यावरच ते भागते. त्यांचे शस्त्रक्रियेनंतर बहुधा छान चालते.

अपघात विसरला जातो, भोक राहते

सोळाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये आंब्रुआज पारे नावाचा नामांकित शल्यवैद्य होता. १५७९ मध्ये त्याने तोफखान्याच्या एका कप्तानाची हकिकत नोंदवली आहे. कप्तानाला गोळी लागली होती. जखम भरली, तो वाचला. आठ महिन्यांनी पोटशूळ उठून तो दगावला. शव उघडल्यावर श्वासपटलाला करंगळीचे टोक जाईल एवढे भोक सापडले, आणि त्यातून छातीत गेलेले मोठे आतडे सडलेले होते.

चारशेहून अधिक वर्षांनंतरही ही हकिकत आमच्या वॉर्डात जशीच्या तशी घडते. फक्त तोफखान्याच्या जागी दुचाकी आलेली असते. जोराच्या धडकेत पोटातला दाब एकदम वाढतो आणि श्वासपटल टरकते. उजवीकडे यकृताची आडकाठी असल्याने फाटण्याचे प्रमाण डावीकडे जास्त. चाकूचा किंवा बैलाच्या शिंगाचा घाव छातीच्या खालच्या भागात लागला, तरी पडद्याला भोक पडू शकते. बाहेरची जखम दोन टाक्यांची असली तरी.

अपघाताच्या दिवशी हे भोक हाती न लागण्याची कारणे आहेत. त्या दिवशी लक्ष डोक्याच्या माराकडे, मांडीच्या हाडाकडे, रक्तस्रावाकडे असते. पहिला एक्स-रे पुष्कळदा ठीक येतो, कारण अवयव अजून वर सरकलेले नसतात. रुग्ण व्हेंटिलेटरवर असेल, तर यंत्राचा दाब अवयवांना खालीच ठेवतो. रुग्ण बरा होऊन घरी जातो.

भोक मात्र आपोआप भरत नाही. प्रत्येक श्वासाला छातीत ओढ निर्माण होते आणि पोटात दाब. त्यामुळे पोटातली चरबी, आतड्याचा वेटोळा, जठर हळूहळू त्या फटीतून वर खेचले जाते. महिने जातात, कधी वर्षे जातात. शेतात पोती उचलणारा धडधाकट माणूस ‘जेवण झाले की छातीत भरल्यासारखे होते, ढेकर दिली की बरे वाटते’ अशी तक्रार घेऊन येतो. गॅसची औषधे चालू होतात. मग एखाद्या दिवशी पोटात कळ येते, उलट्या होतात, धाप लागते. तेव्हा त्याला ‘कधी अपघात झाला होता का?’ असे विचारले, तर तो ‘नाही’ म्हणतो. पत्नी आठवण करून देते, ‘अहो, तीन वर्षांपूर्वी गाडीवरून पडला नव्हता का, बरगड्या मोडल्या होत्या.’ त्या एका वाक्याने निदानाची दिशा बदलते.

वेळेत सापडलेले भोक दुर्बिणीतून किंवा उघडून, न विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवता येते. मोठे असेल तर जाळी लावतात. आतडे सडल्यावर तीच शस्त्रक्रिया जिवावरची होते. गरोदरपणात गर्भाशय वाढल्याने आणि कळांच्या वेळी जोर लावल्याने असा दडलेला हर्निया आवळला जाऊ शकतो. म्हणून छाती-पोटाला मोठा मार लागून गेलेल्या स्त्रीने गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीतच तो सांगावा.

पडदा शाबूत, पण हालत नाही

आता झोळाकडे वळू. काही बाळांत श्वासपटलाचा स्नायूच नीट तयार होत नाही. पडदा असतो, पण कागदासारखा. काहींत जन्मावेळी मान ताणली जाऊन फ्रेनिक नस दुखावते. अशा बाळाचा त्याच बाजूचा हातही लुळा पडलेला असू शकतो. मोठ्या माणसांत हृदयशस्त्रक्रियेनंतर, मानेच्या किंवा छातीतल्या गाठीमुळे, मानेच्या मणक्यांच्या आजारामुळे, क्वचित मानेवर उठलेल्या नागिणीनंतरही ही नस निकामी होते. काही वेळा तपास करूनही कारण सापडत नाही.

गंमत अशी, की एके काळी डॉक्टर ही नस मुद्दाम चिरडत असत. क्षयरोगावर प्रभावी औषध नव्हते, स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मध्ये लागला, त्याआधीच्या काळात रोगट फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून मानेत फ्रेनिक नस चिमटून श्वासपटल वर चढवण्याची शस्त्रक्रिया रुढ होती. एका बाजूचे श्वासपटल बंद पडूनही माणसे चालती-फिरती राहत, हे त्यातून दिसले. निरोगी प्रौढ माणसात दुसरी बाजू आणि बरगड्यांमधले स्नायू काम सांभाळून घेतात. कित्येकांना तर भलत्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेवरूनच घुमट वर असल्याचे कळते.

तान्ह्या बाळांचे तसे नसते. त्यांच्या बरगड्या आडव्या आणि मऊ असतात, त्यांचा श्वास जवळजवळ पूर्णपणे श्वासपटलावर चालतो. त्यामुळे एक बाजू बंद पडली तरी त्यांना दम लागतो, दूध ओढवत नाही, वजन वाढत नाही. लठ्ठपणा, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या मोठ्यांनाही एका बाजूची उणीव जाणवते. त्यांचा दम आडवे झाल्यावर, वाकून बुटाची लेस बांधताना किंवा भरपेट जेवणानंतर वाढतो. हा प्रश्न रुग्णाने स्वतःहून सांगितला, तर निदानाचा अर्धा रस्ता पार होतो.

पडदा हलतो की नाही, हे पाहायची तपासणी सोपी आहे. सोनोग्राफी किंवा हलता एक्स-रे चालू ठेवून रुग्णाला नाकाने झटकन हुंगायला सांगतात. चांगली बाजू खाली जाते. निकामी बाजू उलट वर उडते. नसेला धक्का बसला असेल, तर ती सावरायला काही महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ लागतो. तोवर थांबता येते. त्रास टिकला, तर शस्त्रक्रिया करतात. तिची कल्पना आपल्याकडच्या कोणालाही सहज कळेल : सैल पडद्याला निऱ्यांसारख्या चुण्या घालून त्या शिवून टाकायच्या, म्हणजे तो ताठ होऊन खाली येतो. पडदा त्यामुळे हलू लागत नाही, पण फुप्फुसाला जागा मिळते आणि दम कमी होतो.

खालून ढकलले की वरून ओढले?

घुमट वर दिसला म्हणजे दोष श्वासपटलातच असेल, असेही नाही. तो खालून ढकलला गेलेला असू शकतो. आपल्याकडे उजवा घुमट वर, ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे आणि उजवा खांदा दुखणे अशी जोडी दिसली, की यकृतात पू झाला आहे का हे आधी पाहावे लागते. अमिबामुळे होणारा यकृताचा पू दूषित पाण्याच्या आणि दारूच्या व्यसनाच्या संगतीने आमच्याकडे नेहमी येतो. पोटात पाणी साचले तर दोन्ही घुमट वर जातात. उलट, क्षयाच्या जुन्या व्रणांनी फुप्फुस आकसले असेल, तर ते घुमटाला वर ओढून घेते. अशा वेळी उपचार मूळ कारणावर होतो, श्वासपटलावर नाही.

वयाबरोबर रुंदावणारी वाट

श्वासपटलाचा सर्वांत जास्त आढळणारा हर्निया अन्ननलिकेच्या वाटेतून होतो. त्याला हायटस हर्निया म्हणतात. वय, लठ्ठपणा आणि पोटातला वाढलेला दाब यांमुळे ही वाट सैल होते आणि जठराचा वरचा भाग वर सरकतो. एंडोस्कोपीच्या अहवालात हे शब्द वाचून लोक घाबरून जातात. दहांतल्या नऊंपेक्षा जास्त जणांत हा सरकणारा, साधा प्रकार असतो. त्याने छातीत जळजळ होते, आंबट पाणी वर येते. पुष्कळांना काहीच होत नाही. वजन कमी करणे, रात्रीचे जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी उरकणे, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू सुमारे सहा इंच उंच करणे आणि गरजेप्रमाणे औषधे, एवढ्यावर बहुतेकांचे भागते. नुसत्या दोन उशा घेतल्याने मान वाकते, जठर तिथेच राहते.

उरलेला थोडा गट वेगळा आहे. त्यात जठराचा मोठा भाग अन्ननलिकेच्या शेजारून छातीत जातो. असे रुग्ण बहुधा साठी-सत्तरीचे असतात. चार घासांत पोट भरते, जेवल्यावर दम लागतो. घासल्या गेलेल्या जठरातून थेंबथेंब रक्त जात राहते आणि रुग्ण वर्षानुवर्षे रक्तवाढीच्या गोळ्या घेतो. वयस्कर माणसाचे हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर कारण शोधण्याच्या यादीत हा हर्निया असायला हवा. या जठराला पीळ पडू शकतो. पोटाच्या वरच्या भागात किंवा छातीत तीव्र कळ, जोराचे उमासे येऊनही उलटी न होणे आणि जठरात नळी न जाणे, अशी खूण बोर्खार्ट या जर्मन शल्यचिकित्सकाने १९०४ मध्ये सांगितली. ती आजही शिकवली जाते.

एक्स-रे जिथे फसवतो

छातीत फुगलेले जठर एक्स-रेवर काळे दिसते. छातीच्या पोकळीत हवा भरून फुप्फुस आकसले असेल, तर तेही काळेच दिसते. जठरात द्रवाची पातळी असली, तर ती छातीत साचलेल्या पाण्यासारखी भासते. आणि क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात छातीतले पाणी म्हटले, की मन आधी क्षयाकडेच जाते. या दोन्ही अवस्थांवर एरवीचा उपचार म्हणजे छातीत सुई किंवा नळी घालणे. पण आत फुप्फुसाच्या जागी जठर असेल, तर नळी जठरात घुसते आणि त्यातले अन्न व आम्ल छातीत पसरते. वाचवण्यासाठी घातलेल्या नळीने रुग्ण मरणाच्या दारात जाऊ शकतो. निदानाच्या चुकांमध्ये ही सर्वांत महागडी, आणि ती टाळता येते.

ती टाळायचा उपाय स्वस्त आहे आणि तालुक्याच्या रुग्णालयातही हाताशी असतो. शंका आली, की नाकातून जठरात नळी घालून पुन्हा एक्स-रे काढायचा. नळीचे टोक छातीत वेटोळे घालून बसलेले दिसले, तर जठर वर आहे हे सिद्ध झाले. स्टेथोस्कोप छातीवर ठेवल्यावर श्वासाऐवजी आतड्याची गुरगुर ऐकू येणे, हीसुद्धा जुनी पण कामाची खूण. पुढे सीटी स्कॅनमध्ये भोक कुठे आहे, किती मोठे आहे, कोणता अवयव वर गेला आहे, हे स्पष्ट होते. भोक आहे की झोळ, याचा निवाडाही बहुतेक वेळा तिथेच होतो.

आपण काय करावे

पहिली गोष्ट, जुने एक्स-रे टाकून देऊ नका. पाच वर्षांपूर्वीच्या एक्स-रेमध्येही घुमट तितकाच वर असेल, तर चिंता बरीच कमी होते. तेव्हा खाली होता आणि आता वर आहे, तर तपास लगेच करावा लागतो. ही माहिती कोणत्याही नव्या यंत्रातून मिळत नाही. फिल्म नसेल तर मोबाइलमधला फोटोही चालतो.

दुसरी, दम किंवा छातीची तक्रार सांगताना जुने अपघात, उंचावरून पडणे, छाती-पोटाचे घाव आणि शस्त्रक्रिया सांगा, कितीही वर्षे झाली असली तरी. मार लागून गेल्यावर काही आठवड्यांनी जेवल्यावर दम लागू लागला किंवा छातीत गुडगुड होऊ लागली, तर पुन्हा एक्स-रे काढून घ्या.

तिसरी, भोक व्यायामाने बुजत नाही. निदान झाल्यावर पट्टा बांधणे, बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेणे, जोरजोराने पोट आत-बाहेर करणारे श्वसनाचे प्रकार करणे, हे थांबवा. पोटाचा दाब वाढवणारी प्रत्येक गोष्ट अवयवांना वर ढकलते. बद्धकोष्ठता आणि जुनाट खोकला यांचे उपचार मात्र वेळेवर करा.

चौथी, काही खुणा दिसल्या तर थांबायचे नाही : छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात एकदम आलेली तीव्र कळ, उलट्या किंवा कोरडे उमासे, वाढत जाणारा दम, पोट साफ न होणे आणि वारा न सरणे. जन्मलेले बाळ निळे पडत असेल, धापा टाकत असेल आणि पोट आत गेलेले दिसत असेल, तर तोही तसाच प्रसंग. छातीत कळ आली तर आधी हृदयाचा आलेख काढणे योग्यच आहे; पण तो ठीक आला आणि कळ थांबली नाही, तर ‘गॅस असेल’ म्हणून घरी परतू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि शल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात जा.

आणि अहवालात ती ओळ आढळली, पण त्रास काहीच नसला, तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : हे भोक आहे की झोळ? हा पडदा हलतो का? खालून ढकलणारे किंवा वरून ओढणारे काही आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन देतात. तिसऱ्याचे उत्तर बहुधा तपासणीच्या टेबलावरच मिळते. ही उत्तरे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद जुन्या एक्स-रेसोबत जपून ठेवा. पुढे कधी रात्री-अपरात्री दम लागून दवाखाना गाठावा लागला, तर छातीत नळी घालायला निघालेला डॉक्टर तो कागद वाचून थांबेल.